शेवटाआधीची दोन मिनिटं

सुखदेवकाकांच्या घरी पिक्चर पाहायला तिकीट लागायचं. फुकट असायचं, पण लागायचं. जुन्या वहीच्या पाठकोऱ्या कागदाचा तुकडा, त्यावर काकांच्या अक्षरात खुर्चीचा नंबर, आणि दारात आलात की ते तिकीट हातात घेऊन बरोबर मधोमध फाडायचे. अर्धं तुम्हाला, अर्धं त्यांच्या खिशात. पहिल्या रविवारी मी तशीच आत घुसायला गेले तर माणूस आडवा हात घालून उभा.

"काका, मी वरची. तुमची भाडेकरू. सकाळी तुमच्याकडंच चहा पिऊन गेले की!"

"चहा येगळा, शो येगळा. तिकीट आण."

मी अमडापूरची. तोंड चालवण्यात मी कोणाला ऐकत नाही, ऑफिसात साहेबसुद्धा माझ्याशी जपून बोलतात. पण त्या दिवशी मी मुकाट्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. तिथं काकू बसलेल्या. त्याच तिकीटघर. त्यांनी मला सात नंबर दिला आणि हळूच म्हणाल्या, "जाय माय, वाद नको घालू. त्यांची ड्युटी सुरू हाय."

ड्युटी म्हणजे कसली, ते मला नंतर कळलं. सुखदेव हिवाळे हे बुलढाण्याच्या एका टॉकीजमध्ये पस्तीस वर्षं डोअरकीपर होते. ती टॉकीज आता नाही, तिच्या जागी टाइल्सचं दुकान झालं. टॉकीज पडली, पण डोअरकीपर पडला नाही. मुलगा मिलिंद शाळेत क्लार्क, त्यानं भिंतीवर मोठा टीव्ही लावला, आणि त्या रविवारपासून काका पुन्हा कामावर रुजू झाले. सहाचा शो. घरची चार माणसं, वरची मी, आणि शेजारपाजारचं जे कोणी वेळेवर येईल ते.

नियम कडक. पिक्चर सुरू झाल्यावर येणाऱ्याला काका टॉर्च दाखवत खुर्चीपर्यंत न्यायचे, दिवा चालू असला तरी. कुजबुज केली की टॉर्च तोंडावर. मध्यंतर बरोबर मध्यात, मग पडद्यावर कोणी मरत का असेना. मध्यंतरात काकू भज्यांची परात आणायच्या आणि काका "गरम भजे, गरम भजे" असं दोन वेळा ओरडायचे. तिसऱ्यांदा नाही. टॉकीजमध्येही दोनदाच ओरडायची पद्धत होती म्हणे.

नात श्रावस्ती, वय वर्षं दहा, हातात रिमोट. एकदा तिनं गाणं पुढं ढकललं. झालं! काका उठले, रिमोट काढून घेतला आणि म्हणाले, "तुले माहीत हाय का, एकदा ऑपरेटरनं गाणं कापलं होतं तं पब्लिकनं चौदा खुर्च्या मोडल्या. चौदा! मी मोजल्या." श्रावस्ती म्हणाली, "आजोबा, आपल्याकडं तर सातच खुर्च्या आहेत." काकांनी रिमोट परत दिला, पण गाणं मात्र पहिल्यापासून लागलं.

पिक्चरचं नाव काका कधी घेत नसत. डाकूचा, नागिणीचा, दोन आयांचा, आंधळ्या गवयाचा. एवढ्यावर ओळखायचं. न ओळखणाऱ्याचं त्यांना खरोखर वाईट वाटायचं.

हे सगळं मजेचं. पण एक गोष्ट अशी होती की सुरुवातीला मला तिचा रागच यायचा. पिक्चर संपत आला, सगळ्यांचा जीव मुठीत, आणि नेमक्या त्या वेळी काका उठणार. दाराजवळचं स्टूल सरकवल्याचा आवाज, कडी काढल्याचा आवाज, मग दाराचे दोन्ही पल्ले सताड उघडे. बाहेरचा उजेड पडद्यावर, समोरच्या गिरणीची घरघर कानात, आणि काका एका बाजूला पाठ टेकून उभे, तोंड आमच्याकडं. शेवट त्यांच्या मागं. "सावकाश, सावकाश," एवढंच म्हणायचे. मोजून सात माणसं बाहेर पडायची होती, त्यातली चार त्याच घरात राहायची.

"काका, दोन मिनिटं थांबा की! संपू द्या तरी!"

"संपल्यावर दार उघडत नसतेत. संपायच्या आंधी उघडतेत."

त्यांना घड्याळ लागायचं नाही. पिक्चर नवा असो, कधी न पाहिलेला असो, शेवटाच्या दोन मिनिटं आधी त्यांच्या पायाला कळायचं. संगीत बदलते म्हणायचे, हवा बदलते म्हणायचे. एकदा जयंतीला आमच्या गल्लीत मोठा पडदा बांधून बाबासाहेबांवरचा पिक्चर लावला होता. अख्खी गल्ली खाली सतरंज्यांवर. मी मनात म्हटलं, आज कुठं जाल? इथं दारच नाही! तर शेवट जवळ आला तसा हा माणूस उठला, सतरंज्यांमधून वाट काढत गल्लीच्या तोंडाशी गेला आणि तिथं आडव्या लावलेल्या दोन मोटरसायकली एकट्यानं ओढून बाजूला केल्या. मग तिथं उभा राहिला. सावकाश, सावकाश. मी कपाळाला हात लावला.

आता विचार करा. पस्तीस वर्षं, रोजचे तीन-चार खेळ, आणि या माणसानं एकाही पिक्चरचा शेवट पाहिलेला नाही. मधला भाग तोंडपाठ. शेवट शून्य. वेब सीरिज आल्यावर तर काका फार खूश झाले. "हे बरं हाय," म्हणायचे, "याले शेवटच नाही. बसून राहा." पण काकूंना ती आवडायची नाही. त्यांना एका बैठकीत उकल लागायची.

आणि गंमत अशी की अख्ख्या गल्लीला जुन्या पिक्चरचे शेवट सांगायचे ते काकाच. त्या काळी बायकांना वरचेवर टॉकीजला जायला कुठलं मिळायचं? काका घरी आले की काकू आणि शेजारच्या चार-दोन जणी ओट्यावर बसायच्या आणि काका पिक्चर सांगायचे, शेवटासकट. मलाही आंधळ्या गवयाचा शेवट त्यांनी सांगितला होता. त्याला डोळे येतात, हरवलेली बहीण भेटते, आणि दुष्ट काका माफी मागून तीर्थाला जातो. मी ऐकून डोळे पुसले होते, खोटं कशाला सांगू? मग एकदा तोच पिक्चर मी मोबाईलवर पाहिला. कसले डोळे न कसली बहीण! गवई नदीत जीव देतो, बहीण त्याआधीच गेलेली असते, आणि दुष्ट काका शेवटच्या सीनमध्ये हुक्का ओढत बसलेला.

मी तणतणत खाली आले. काका बाजारात गेले होते, म्हणून काकूंनाच धरलं. "काकू, तुम्हाला फसवलं त्यांनी! सगळे शेवट मनचे आहेत!"

काकू मेथी निवडत होत्या. वरसुद्धा पाहिलं नाही. "मले माहीत हाय न. लई वर्षं झाली. त्यांच्या पिक्चरमंधी कोणी मरतच नाही, मंग समजलं मले."

"मग तुम्ही बोलला नाही कधी?"

"काऊन बोलू? चांगलेच सांगतेत." मग जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "पण पोरी, मले एकच वाटते. एखादा पिक्चर त्यांच्या बाजूले बसून पाहावा. नाव येते तिथून तं समाप्त येते तिथवर. सांगितलेला शेवट नको मले. सोबत पाहिलेला पाहिजे. आजवर नाही झालं ते."

असं म्हणून त्यांनी पुन्हा मेथी घेतली. मी वर गेले, पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

काकांचा हिशेब आठवड्यांचा होता, हे सांगायचं राहिलंच. टॉकीजमध्ये पंचवीस आठवडे चालला की सिल्व्हर जुबिली, पन्नास चालला की गोल्डन. काकांनी तोच नियम घराला लावलेला. फ्रिज आला, पंचवीस आठवडे न बिघडता चालला, फ्रिजला हार. सून अर्चना लग्न होऊन आली, पंचविसाव्या आठवड्यात तिची सिल्व्हर जुबिली. दाराला तोरण, काकांच्या हातचा पेढा, आणि भाषण. "असेच हाऊसफुल चालत राहा." अर्चना मला म्हणाली, "ताई, मला तर वाटलं पिक्चरसारखं उतरवतात की काय आता."

याच हिशेबामुळं एकदा त्यांचं नाव छापून आलं. मिलिंदच्या शाळेचा मोठा वर्धापनदिन होता. स्मरणिका निघणार, आणि समितीत भांडण लागलं की शाळेचा हॉल नक्की कोणत्या साली बांधला. जुने कागद पाण्यानं गेलेले. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, फार करारी, ते एक साल सांगत होते. चहा द्यायला गेलेल्या मिलिंदनं सहज म्हटलं, माझ्या वडिलांना विचारू का? काका आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "स्लॅब टाकला तवा आमच्याकडं नागीण सुरू होती. अकरावा आठवडा. मजूर लोकं सिमेंटच्याच अंगानं तीनच्या खेळाले आले होते, मीच झटकून आत सोडले. नागीण लागली होती माह्या लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवाळीच्या शुक्रवारी. आता तुम्ही मांडा हिशेब."

अध्यक्ष म्हणाले, "शाळेचा इतिहास नागिणीवरून ठरवायचा?" आणि हसले. सगळेच हसले. काका टोपी घालून घरी आले. दोन दिवसांनी हॉलला रंग द्यायला जुना चुना खरवडला, तर पायाशी कोनशिला निघाली. तिच्यावरची स्लॅबची तारीख वाचली, पंचांग काढलं, आठवडे मोजले. अकरावा! अध्यक्ष भला माणूस, स्वतः घरी येऊन गेले. स्मरणिकेत शेवटच्या पानावर छापलं: 'संदर्भसाहाय्य : श्री. सुखदेव हिवाळे, डोअरकीपर (निवृत्त)'. ते पान काकांनी फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलं. पाहुणा आला की आधी ते पान, मग पाणी.

तर अशा माणसाच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मिलिंद-अर्चनाच्या मनात, हॉल घ्यावा, दोनशे माणसं सांगावी. काका साफ नाही म्हणाले.

"गोल्डन जुबिली तं केव्हाच झाली. पन्नासाव्या आठवड्यात. साऱ्या स्टाफले पेढे वाटले मी. एका पिक्चरची गोल्डन जुबिली दोनदा होते का कुठी?"

"बाबा, ते आठवडे होते. हे वर्षं आहेत!"

"मंग सव्वीसशे आठवडे झाले. सव्वीसशे आठवडे चाललेल्या पिक्चरले जुबिली कायची? त्याले तं कोणी काढतच नाही आता."

यावर काकूंना हसू आलं, पण त्या लगेच गंभीर झाल्या. म्हणाल्या, "मले हॉल नको. साडी नको. मले एक पिक्चर पाहिजे. हे माह्या बाजूच्या खुर्चीवर. शेवटपर्यंत. अन् कोणता तेही सांगते. ट्रकवाल्याचा."

ट्रकवाल्याचा म्हणजे त्यांचं लग्न झालं त्या आठवड्यात लागलेला. नवी नवरी म्हणून काकांनी त्यांना लेडीज क्लासला बसवलं होतं आणि स्वतः दारावर होते. काकूंच्या आयुष्यातला टॉकीजमधला पहिला पिक्चर. ट्रकवाला आणि शाळेतली बाई, दोघांची गोष्ट. आणि हा एकच पिक्चर असा, ज्याचा शेवट काकूंनी काकांना सांगितला होता. दोघं ट्रकमध्ये बसून घरी जातात, ट्रकवाल्याची माय आरतीचं ताट घेऊन दारात उभी असते. पन्नास वर्षं काका तो शेवट गल्लीला सांगत आले.

सगळ्यांना वाटलं, काका हो म्हणतील. पण ते हळूच म्हणाले, "दुसरं काही माग."

आता मात्र मी भडकले. मी कोण, भाडेकरू! पण तोंड कुठं ऐकतं? "काका, बायकोनं पन्नास वर्षांत एक गोष्ट मागितली. दोन मिनिटं. दोन मिनिटं बुड टेकवता येत नाही तुम्हाला?"

काकू म्हणाल्या, "नको बोलू माय." आणि का बसत नाहीत ते काकांनीच सांगितलं. नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट, लग्नाआधीची. एक दिवस पिक्चरमध्ये जीव गुंतला आणि ते दाराशी उभ्या उभ्या शेवट पाहत राहिले. दार उघडायचं विसरले. पिक्चर संपला, अंधारात पब्लिक दारावर आलं, मागून रेटा, पुढं बंद दार. पुढं एक म्हातारी होती, रोहिणखेडहून लेकीकडं आलेली. तिचा हात मोडला. "मी तिले दवाखान्यात नेलं. ती मले म्हणे, जाऊ दे रे बाबू, तुलेही पाहावा वाटला असन. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. तवापासून नाही पाहात मी."

मला माझ्या जिभेची लाज वाटली, अगदी खरं सांगते.

पण नाही म्हणूनही त्या माणसानं प्रयत्न केला बरं का. पुढचे दोन रविवार काका काकूंच्या शेजारी बसले. पहिल्या रविवारी शेवट आला तशी त्यांची टाच हलायला लागली, मग गुडघा, मग पूर्ण माणूस उभा. दुसऱ्या रविवारी मिलिंदनं दार आधीच उघडून ठेवलं, म्हटलं आता कशाला उठतील? तर उघड्या दारावर कोणी नाही म्हणून उठले. "दार मोकळं सोडतेत काय बे? कोणीही आत येईन!" काकू भज्यांची परात उचलून आत गेल्या. त्या रविवारी मी त्यांच्या मागं गेले नाही, मला त्यांचं तोंड पाहायचं नव्हतं.

वर जिन्यात मला सुचलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी खाली आले. "काका, पुढच्या रविवारी तुम्ही रजा टाका."

"रजा?"

"बदली माणूस देते. मी उभी राहते दारावर."

पस्तीस वर्षांत त्यांनी किती रजा घेतल्या होत्या कोण जाणे, पण हा मार्ग त्यांच्या डोक्यात कधी आला नव्हता एवढं नक्की. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आठवडाभर माझं ट्रेनिंग. कडी काढताना आवाज नाही करायचा. दोन्ही पल्ले एकदम. स्वतः बाजूला, भिंतीला पाठ. "अन् पडद्याकडं पाहाचं नाही. पब्लिककडं पाहाचं. आंधी म्हाताऱ्या माणसाले वाट द्यायची." मी म्हटलं, "काका, आपल्या पब्लिकमध्ये म्हातारे तुम्ही दोघंच." म्हणाले, "मंग आम्हाले दे."

तो रविवार. श्रावस्तीनं मोबाईलवर कुठून तरी ट्रकवाल्याचा शोधून काढला होता. प्रिंट अशी की नायिकेला मिशा असल्यासारख्या रेघा. काकू हिरव्या साडीत, एक नंबर. काका इस्त्रीच्या शर्टात, दोन नंबर. दारात मी तिकिटं फाडली. काकांचं तिकीट नीट मधोमध फाटलं नाही तर त्यांनी मान हलवली.

पिक्चर चालला. मध्यंतर झालं, भजी झाली. शेवट जवळ आला. माझं लक्ष पब्लिककडं, शिकवल्याप्रमाणं. काकांची टाच हलायला लागली. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी कडी काढली, आवाज न करता. दोन्ही पल्ले एकदम उघडले, भिंतीला पाठ लावली आणि म्हटलं, "सावकाश, सावकाश." काकांनी एकदा मला पाहिलं, एकदा दाराला. मग खुर्चीचे हात घट्ट धरून मान समोर वळवली.

आणि बसून राहिले.

पडद्यावर काय झालं ते मला नंतर मिलिंदनं सांगितलं. ट्रकवाला शाळेशी थांबतो, बाई बाहेर येते, दोघं एकमेकांना पाहतात, आणि तो एकटाच ट्रक घेऊन निघून जातो. ती ओट्यावर. समाप्त. माय नाही, ताट नाही, काही नाही.

काका एकदम म्हणाले, "हे कोणी कापलं?"

"कोणी नाही बाबा. असाच आहे शेवट."

"कसा असन? घरी जातेत ते! माय ताट घेऊन उभी असते! तुह्या आईनं पाहिला, तिनंच सांगितलं मले!"

सगळ्यांनी काकूंकडं पाहिलं. काकूंनी पदर नीट केला. डोळे भरलेले होते आणि हसतही होत्या.

"म्या कुठी पाहिला? साऱ्या बाया पडद्याकडं पाहून रडून राह्यल्या होत्या, अन् मी मागं वळून तुमाले धुंडून राह्यली होती. नवीन होती न मी. दारात दिसले तुम्ही, दाराचा पडदा हातात धरून. तेच पाहात राह्यली. घरी आल्यावर तुम्ही इचारलं शेवट काय झाला, मंग देला मनचा सांगून."

काका घसा साफ करून म्हणाले, "श्रावस्ती, शेवट परत लाव."

तिनं मागं घेतलं. पुन्हा ट्रक आला, पुन्हा बाई बाहेर आली. मी दारात उभी, नजर पब्लिकवर. दोन नंबरच्या खुर्चीतला माणूस पडद्याकडं पाहत नव्हता. पूर्ण वळून बाजूला पाहत होता.

काकूंनी त्यांना कोपरानं ढोसलं. "अवो, समोर पाहा न. परत जाईन शेवट."

"जाऊ दे," काका म्हणाले.